सिस्टरची साक्ष

बोरीवलीच्या आमच्या सोसायटीत सुलक्षणामावशींना सगळे सिस्टर म्हणतात. एकतीस वर्षं त्यांनी नर्सची नोकरी केली. निवृत्त झाल्या तरी दरारा तोच. ताप आला म्हणून कोणी दारात उभं राहिलं, की आधी ओरडा, मग गोळी. इंजेक्शनला घाबरले म्हणून मला त्या ‘चाळीस वर्षांची घोडी’ म्हणाल्या होत्या. तरी मला त्या आईच्या जागी.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या यजमानांना, सहदेवकाकांना, अर्धांगवायूचा झटका आला. एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत ते अकरा दिवस होते. मावशींना रोज दहा मिनिटं काचेतून बघू देत, बस्स. बाराव्या दिवशी दुपारी दोनला काका गेले. घरी आणल्यावर मावशी स्वतः त्यांचं अंग पुसायला बसल्या. मी पाणी घेऊन गेले तर कमरेखाली मूठ जाईल एवढी जखम, कुजलेली. मी तोंड फिरवलं. मावशी बघत राहिल्या.

अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठ सडते, हे मला त्यांनीच सांगितलं. त्यांच्या मुलाने, सुयोगने, भांडून केसपेपर मिळवले. त्यात वळवल्याचा तक्ता होता, दर दोन तासांनी नर्सची सही. मावशींनी शेवटच्या ओळींवर बोट ठेवलं. काका दोनला गेले, आणि चार, सहा, आठ वाजताही त्यांना वळवल्याच्या सह्या होत्या. मेलेल्या माणसाची कूस बदलत होते मुडदे. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं मी तिथेच म्हटलं.

सुयोगने दिंडोशीच्या कोर्टात नुकसानभरपाईचा दावा लावला. हॉस्पिटलचं म्हणणं एवढंच, की गडबडीत तक्ता आधी भरला, सगळीकडे भरतात, पण पेशंटला वळवत होतो. सुयोग खूश झाला. एवढी जुनी नर्स उभी राहून असं कुठे होत नाही म्हणाली, की केस आपली. तक्ता बघितल्यापासून मावशी गप्पच होत्या. मला वाटलं, दुःख असेल.

साक्षीच्या दिवशी हॉस्पिटलच्या वकिलाने अगदी गोड आवाजात विचारलं, “सिस्टर, तुम्ही स्वतः कधी असा तक्ता आधी भरून ठेवलात का?”

“हो.”

सुयोग बाकावरून अर्धा उठला. मी त्याचा हात धरला. मावशी? आमच्या मावशी?

वकील हसला. “म्हणजे लिहायची सोय. काम तर तुम्ही करतच होता.”

“नाय,” मावशी म्हणाल्या. “एकदा सही झाली की मी त्या खाटेकडे फिरकत नव्हते. म्हणूनच सांगते, ह्यांना कोणी वळवलं नाय.”

वकील घाईघाईने कागद चाळू लागला. न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि असं किती पेशंटच्या बाबतीत झालं, ते विचारलं. मावशींनी कठडा घट्ट धरला.

“मोजले नाहीत, साहेब. त्यांच्या घरचं कोणी कोर्टात आलं नाही.”