लावणीचं बोलावणं

मोबाईलवर पोकर खेळून मी पैसा केला, हे आमच्या पासलीत कळायला आठवडाही लागला नाही. गावात त्याला पोकर कुणी म्हणत नाही, जुगारच म्हणतात. तरी गूळ दिसला की मुंगळे आलेच! कुणाला टेम्पोचा हप्ता, कुणाला बोअर. गाव सोडून किकवीला राहायला आल्यावर मी नियम केला. उसने कुणालाच नाहीत. अगदी जवळचा असेल तर पाच हजार द्यायचे, परत घ्यायचे नाहीत आणि पुन्हा मागू नको म्हणून तोंडावर सांगायचं. त्यानं डोक्याचा ताप कमी झाला, खोटं कशाला बोलू?

शाळेपासूनचा माझा एकच जिवाभावाचा दोस्त. त्यानं कधी रुपया मागितला नव्हता. गेल्या आषाढात त्यानं मला कापूरहोळच्या ढाब्यावर बोलावलं. चहा आला तरी गडी बोलेना, नुसता मान खाली घालून बसलेला. डाव खेळून खेळून समोरच्याच्या मनातलं ओळखायची सवय लागली होती ना मला! म्हटलं, आला हाही. मी पाकीट काढलं आणि पाच हजार त्याच्यापुढं ठेवले. "परत देऊ नको, पण पुन्हा मागू नको."

तो नोटांकडं बघतच राहिला. "म्या इर्जिक सांगाया आलतो. परवा भातलावणी हाय."

इर्जिक म्हणजे सगळ्यांनी मिळून एकाचं शेत लावायचं. मजुरी नाही, दुपारचं जेवण तेवढं. गेली चार वर्षं माझ्या म्हाताऱ्या बापाचं खाचर हाच लावत होता आणि मी एकदाही त्याच्या बांधावर फिरकलो नव्हतो. येशील का, हे विचारायला त्याला जड जात होतं. माझी अक्कल शेण खायला गेली होती, दुसरं काय! नोटांना हात न लावता दोन्ही चहाचे पैसे त्यानंच दिले आणि एसटी धरली.

लावणीच्या दिवशी मी उजाडताच गेलो, विजार खोचून चिखलात उतरलो. त्यानं येऊन माझ्या हातातली रोपाची मूठ काढून घेतली. "ऱ्हाऊ दे, माणसं पुरी हायती."

दुपारी सगळे बांधावर पंगतीला बसले. मीही बसायला गेलो, तर तो बायकोला म्हणाला, "पाव्हण्याला खुर्ची दे, आदी त्येला वाढ."

त्याच्या घरात चुलीपुढं बसून मी भाकऱ्या खाल्ल्यात. पाहुणा मला तिथं कधी कुणी म्हटलं नव्हतं. खुर्चीवर एकटाच बसून मी जेवलो.