डुकराच्या पोटातलं दही

दुर्गे मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या एका डुकरिणीच्या मागे उकिडव्या बसल्या होत्या. साडी खोचलेली, पायात रबरी बूट, आणि हातमोजा घातलेला उजवा हात डुकरिणीच्या शेपटीखाली पसरलेला. त्या वाट बघत होत्या. नेमणुकीचा कागद घेऊन मी दारातच उभा राहिलो. थोड्या वेळानं त्यांना हवं ते हातात पडलं, वाफाळतं. मागे न पाहताच त्या म्हणाल्या, "डबी उघडून धर. भुईले लागलेलं चालत नाई मले, गरमच पाह्यजे."

मी भिंतीकडे वळलो आणि सकाळची भाकरी ओकून टाकली.

"झालं ओकून? आता धर. नोकरी तुह्या हाताले लागली हाय, नाकाले नाई."

आदिलाबादजवळच्या एका सरकारी डुक्कर-पैदास केंद्रातली ही गोष्ट. तेव्हा आंध्र प्रदेश होता. हुकूम हैदराबादहून तेलुगूत यायचे, कचेरीत बाबू लोक हिंदी-उर्दू बोलायचे, मराठी बोलणारे आम्ही दोघंच. मी जैनथकडचा, घरी कपाशी आणि ज्वारी, प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागलेला. मॅडम बेल्याकडच्या. आईबाप लोकांच्या शेतात राबलेले. ही मुलगी मात्र जनावरांची डॉक्टर झाली आणि पुढे जिवाणूंचं शिक्षण घेऊन आली. दुर्गे हे आडनाव ऐकल्यावर माझ्या आईनं विचारलं होतं, "कोनाची हाय ते बाई?" मी सांगितलं, तशी ती चूल फुंकायला लागली.

केंद्रातली डुकरं पांढरी, विलायती जातीची. दूध तोडलं की त्यांच्या पिल्लांना हगवण लागायची, आणि औषध कालवलेला खुराक देऊनही ती मरायची. त्या हगवणीचा वास माझ्या केसांत राहायचा, दोनदा न्हालो तरी. गावाबाहेरच्या नाल्यात मात्र काळ्या डुकरांची पिल्लं नाही नाही ते खाऊन टुणटुणीत असायची. मॅडमचं म्हणणं सरळ होतं. त्या काळ्या पिल्लांच्या आतड्यात राखण करणारे जिवाणू आहेत. ते वेगळे काढायचे, वाढवायचे आणि पांढऱ्या पिल्लांच्या कोंड्यात मिसळायचे.

"औषध सगळ्यायलेच मारते," त्या म्हणायच्या. "चोरालेबी आन् घरच्यालेबी. मले घरचे जगवाचे हायत."

त्यासाठी आम्ही बाजाराच्या दिवशी इंद्रवेल्लीकडे जायचो. तिथं लच्चम्मा नावाची एक म्हातारी तसलीच काळी डुकरं पाळायची आणि कापायची. ती मॅडमसाठी आतडी बाजूला काढून ठेवायची. मॅडम हव्या त्या तुकड्याची दोन्ही टोकं दोऱ्यानं बांधायच्या, कापून बर्फाच्या डब्यात ठेवायच्या. मी श्वास रोखून डबा धरायचो. एकदा परतताना बसमध्ये डब्यातून लाल पाणी गळालं. कंडक्टरनं विचारलं, "क्या है इसमें?" मॅडमनी सांगितलं, "सुअर की आँतें." अर्धी बस किंचाळली. आम्हाला मधल्या रस्त्यात, उन्हात उतरवून दिलं.

"मॅडम, दवाखान्याचं सामान हाय म्हनलं असतं तर?" मी चिडून विचारलं.

"आतड्याले आतडी म्हनाले काऊन लाजू मी? चोरी करून आनली का?" डबा डोक्यावर घेऊन त्या चालायला लागल्या. मी चार पावलं मागे चालत होतो. लोकांनी आम्हाला बरोबरचे समजू नये म्हणून.

प्रयोगशाळेत त्या आतड्याचा आतला चिकट थर खरवडायच्या, पातळ करून काचेच्या ताटल्यांवर पसरायच्या. ताटल्या बरणीत ठेवून आत मेणबत्ती लावायची आणि झाकण घट्ट बसवायचं. हवा जळून गेली की मेणबत्ती आपोआप विझायची. या जिवाणूंना हवा फारशी नको असते. दोन दिवसांनी ताटल्यांवर पांढरे ठिपके उमटायचे.

"हुंग," त्या म्हणाल्या.

"दह्यावानी वास येते."

"मंग? दही लावनाऱ्याचा चुलतभाऊच हाय हा. तुह्या मायच्या गाडग्यात बसला तर नैवेद्य, डुकराच्या पोटात बसला तर घान!" आणि त्या खळखळून हसल्या. पुढे महिनाभर दही माझ्या घशाखाली उतरलं नाही.

कचेरीत मॅडमचा पाण्याचा ग्लास वेगळा होता. खिडकीत, पालथा. बडेबाबू म्हणायचे, "मॅडम दिनभर सुअर में हाथ डालती हैं, क्या करें." मलाही ते पटायचं. वर्ष उलटल्यावर कधीतरी लक्षात आलं, की डुकरांत दिवसभर हात माझाही असतो, आणि माझा ग्लास सगळ्यांच्या ग्लासांबरोबर आहे. गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणाऱ्या, शेजारच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांचाही. लक्षात आलं, तरी मी माझा ग्लास तिथंच ठेवला. मीसुद्धा डबा लिंबाखाली एकट्यानं खायचो. एकदा मॅडमनी भाकरी आणि वांग्याची भाजी पुढे केली.

"आज उपास हाय माहा," मी म्हणालो.

"कोनता वार हाय आज?"

मला वार आठवेना. त्यांनी भाकरी फडक्यात गुंडाळली आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

तीन वर्षं खपून त्यांनी मूठभर जिवाणू निवडले. जे आंबटात तगले, पित्तात तगले आणि ज्यांच्याभोवती हगवणीचे जिवाणू मेले, तेवढेच. दोन गोठ्यांत दूध तोडलेली पिल्लं ठेवली. एका गोठ्यात साधा कोंडा, दुसऱ्यात मॅडमचा. साध्या कोंड्याची पिल्लं आपल्याच हगवणीत लोळत मेली, ती मीच उचलून टाकली. दुसऱ्या गोठ्यातली बहुतेक जगली. त्या दिवशी मॅडम पिल्लांत बसून राहिल्या, मांडीवर एक घेऊन. मला ते बघवलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्या आठ दिवस हैदराबादला बैठकीला गेल्या. इकडे वरचे साहेब पाहणीला येणार म्हणून बडेबाबूंनी मॅडमच्या निवडलेल्या जिवाणूंच्या बाटल्या ठेवलेला फ्रीजर रिकामा करायला सांगितला. सरबत थंड करायचं होतं. "ये गंदगी हटाओ. तेरे घर में फ्रिज है ना? ले जा."

घरी फ्रिज होता. मी त्या बाटल्या बर्फाच्या डब्यात भरल्या, सायकलवरून घरी आणल्या आणि ओसरीत ठेवल्या. फ्रिज उघडला. आत आईनं लावलेलं दही होतं, कोथिंबीर होती. मी दार लावून टाकलं. उद्या पुन्हा बर्फ घालू म्हटलं. उद्या घातला, परवा विसरलो. चार दिवस तो डबा आदिलाबादच्या मे महिन्यात पत्र्याखाली होता.

मॅडम आल्या, तेव्हा मी डबा परत नेऊन दिला आणि झालेलं सांगितलं. त्यांनी प्रत्येक बाटलीतलं ताटलीवर पसरून पाहिलं. दोन दिवसांनी बरणी उघडली. ताटल्या कोऱ्या होत्या. त्यांनी त्या एकेक करून उजेडात धरल्या.

"घरी फ्रिज हाय ना तुह्या?"

"हाय."

"मंग?"

"मले किळस आली, मॅडम."

त्यांनी ताटली खाली ठेवली. आवाज चढवला नाही.

"डुकराची का माही?"

मी ताटल्या गोळा करायला लागलो. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. बूट चढवले, रिकामा डबा उचलला. "आज बाजार हाय इंद्रवेल्लीले," एवढं म्हणून त्या निघाल्या. मी मागोमाग निघालो, तर म्हणाल्या, "तू राह्य. मी जातो."

पुन्हा सगळं पहिल्यापासून सुरू झालं. ते पुरं व्हायच्या आत मॅडमची बदली समुद्राकडच्या एका जिल्ह्यात झाली. निरोपाचा कार्यक्रम झाला नाही. बरण्या मी धुऊन कपाटात ठेवल्या.

काही वर्षांनी केंद्रात एका परदेशी कंपनीच्या पुड्या आल्या. पिल्लांच्या खुराकात मिसळायची पांढरी भुकटी, तसल्याच जिवाणूंची. बडेबाबूंनी पुडी फोडली, चिमटीत घेऊन जिभेला लावली. "खट्टा है. अच्छा माल है." मी म्हणालो, "बाबूजी, ये भी सुअर की आँतों से ही निकला है." ते हसले. "चल, कंपनी का है." मग तीच बोटं त्यांनी तशीच चहाच्या कपाला लावली. मला त्यांची शिसारी आली. मग माझी.

त्या पुड्यांबद्दल मी मॅडमना पत्र लिहिलं. महिन्याभरात त्यांचं कार्ड आलं. "पुडीवर कोणाचं नाव आहे ते कळवू नकोस. पिल्लं जगतात का, तेवढं कळव."

मी लिहायला बसलो. पहिल्या ओळीत लिहिलं, पिल्लं जगतात. दुसरी ओळ लिहायला दोन दिवस लागले. "तुम्ही तेव्हा विचारलं होतं. डुकराची नव्हती, मॅडम. तुमची होती." पत्र पेटीत टाकलं आणि हात कितीतरी वेळ पेटीवरच राहिला.

उत्तर आलं नाही. त्या दिवाळीनंतर बेल्याच्या बसथांब्यावर त्यांचा भाऊ भेटला. मॅडम गेल्या म्हणाला, तिकडेच, तापानं. किती दिवस आजारी होत्या, एवढं मी विचारलं. माझं पत्र त्याआधी पोचलं होतं का, हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. तेवढ्यात त्याची बस आली. तो चढला, आणि मी विचारलं नाही.