मशिनीतला खिळा

कोंबड्यांवर मानमोडीची साथ आली आणि आठवडाभरात खुराडं रिकामं झालं. माझ्या सासूबाईंच्या लग्नात त्यांच्या आईनं किन्हीराजाहून एक कोंबडी दिली होती. तिचाच हा सगळा वंश, पार बुडाला! मागं राहिली टोपल्यातली थोडी अंडी, आणि उबवायला घरात एक कोंबडी नाही. मग मी बचत गटातल्या बाईकडून अंडी उबवायची मशीन मागून आणली.

पहिल्याच दिवशी सासूबाईंनी अंड्यांत एक गंजका खिळा ठेवला. ढग गडगडले की अंडी नासतात, जवळ लोखंड असलं की वाचतात, ही त्यांच्या माहेरची रीत. मी भडकलेच.

"आत्या, करंटवर चालते ते! खिळा कायले?"

खिळा काढून खिडकीत ठेवला. सासूबाई फणकाऱ्यानं चुलीकडं निघून गेल्या.

घरासमोर गावच्या नळाची मोटर आहे. सकाळी ती खट्कन चालू झाली की मशिनीचे आकडे वेड्यासारखे नाचायचे आणि आतला उबेचा बल्ब बंद पडायचा. मोटर थांबवा म्हणावं, तर गाव पाणी काय आमच्या अंड्यांतलं पिणार? स्टॅबिलायझर लावला, तरी तेच. टॉर्चवर धरलं की अंड्यात लाल शिरा दिसायच्या, पण हाताला अंडं गार लागायचं. मला रडूच यायचं.

मंगरूळपीरला जाऊन मेकॅनिकला मोबाइलवर तो आकड्यांचा नाच दाखवला.

"व्होल्टेजचा घोळ नाही हा, ताई. मोटर चालू होताना तारेत कचरा सोडून राह्यली. तो तुमच्या मशिनीत घुसते. फिल्टर लावा."

त्यानं एक डबी उघडून दाखवली. काळ्या कडीवर तांब्याची तार गुंडाळलेली, बाजूला कपॅसिटर. साधी वीज पुढं जाते, मोटरीची किरकिर कडीपाशी अडते, आणि चुकून निसटलेली कपॅसिटर अर्थिंगमध्ये सोडतो.

"अर्थिंग जोडा बरं, नाहीतर अर्धंच काम करन."

जोडलं. सकाळी मोटर खट्कन वाजली. आकडा जागचा हलला नाही! मी ओरडलेच.

सासूबाई डबीकडं बघत होत्या. "काय हाय वं याच्यात?"

"काळी कडी."

"कायची?"

"लोखंडाच्या भुकटीची."

"म्हंजे लोखंडच! मंग माहा खिळा कायले काढला होता?"

मी खिळा खिडकीतून आणला आणि बल्बपासून लांब, अंड्यांच्या कडेला ठेवला.

काही अंडी गेलीच. पण एका दुपारी आतून चिवचिव ऐकू आली, आणि सासूबाई जेवणाच्या ताटावरून तशाच उठल्या. सगळ्यात धिटुकलं पिल्लू त्यांनी उचललं, पदरानं पुसलं आणि माझ्या ओंजळीत ठेवलं.

"मादी निंघाली तं हे तुही. माह्या मायनं मले देल्ली होती."