गल्लीत पाणी आलं अन् मी बाळ उचलून पळालो

दुपारपासून लिहीन लिहीन म्हणत टाळलं.

मी सानगडीचा, भंडारा जिल्ह्यातला. सध्या मालवणच्या भर बाजारपेठेत वरच्या खोलीत भाड्यानं राहतो. खाली एका खलाशाचं बिऱ्हाड आहे. समोरच्या हॉटेलातली भजी काय लागतात... जाऊ द्या, ते नंतर.

आज कडक उन्हात गटारातून पाणी वर आलं अन् गल्लीभर पसरलं. आमच्याकडं पाऊस नसताना पाणी चढलं, म्हणजे धरणाची दारं उघडली. खालच्या घरात बाळ एकटंच झोपलेलं दिसलं. ते उचललं अन् गच्चीवर पळालो.

मागच्या विहिरीवरून आलेली त्याची आई किंचाळली, "माझो झील खंय गेलो?"

"वहिनी, वर या! पूर येऊन राहिला!"

शेजारची काकू ओरडली, "मेल्या, भरतीचा पाणी ता! पुनवेक येता नि जाता!"

वहिनीनं बाळ हिसकावून घेतलं. आता गल्ली मले पोरं पळवणारा समजून राहिली. खोली सोडू का? तुम्ही काय केलं असतं?

थांबा, दार वाजलं. वहिनीचा खलाशी नवरा उद्या येणार होता, तो आजच बोटीवरून येऊन दारात उभा. बाळ त्याच्या कडेवर आहे, अन् हातात माझ्यासाठी समोरच्या भज्यांचा पुडा.