नांदेड ते लातूर, वीस मिनिटं

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली. आता माझीच करा... पण आधी सगळं ऐकून घ्या.

मी नांदेडला विमानाची तिकिटं काढून देतो. घर लातूरला. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी दोन-दहाला थोरल्या भावाचा, अण्णाचा फोन आला.

"अप्पाचं काही खरं न्हाई. स्वामी तीर्थ घेऊन बसलेत. अप्पा माझ्या हातून घेईनात, धाकट्याच्याच हातून घेतो म्हणतेत. निघलास का?"

स्वामी म्हणजे आमचे पुरोहित. आमच्या वीरशैव घरात जाणाऱ्याच्या कपाळी भस्म लावून तोंडात तीर्थ घालतात. पण याआधी दोनदा असाच निरोप आला होता. दोन्ही वेळा धावत गेलो, तर अप्पा, आमचे वडील, मजेत चहा पीत बसलेले! त्यात समोर बारा जणांचं बुकिंग. मी आपलं नेहमीचं ठोकून दिलं — "निघालो, लोह्यापर्यंत आलो." बूड खुर्चीतच.

"लवकर ये रे," अण्णा म्हणाला. मी वैतागलो. "रस्त्यानं तीन तास लागतात. विमान असतं तर वीस मिनिटांत आलो असतो. तेवढं थांबा म्हणावं अप्पांना!"

फोन स्पीकरवर होता. अप्पांनी ते ऐकलं, हे मला नंतर कळलं.

बुकिंग उरकून तीनला निघालो, सहाला पोचलो. आमच्यातल्या रिवाजाप्रमाणे अप्पांना भिंतीशी बसवून हार घातले होते. जबडा फडक्यानं बांधलेला. वहिनीनं माझ्याकडे पाठ फिरवली.

"आता कशाला आलास?" अण्णा म्हणाला.

"अरे, आत्ताच तर पोचतोय..."

"अडीचला आलतास की! अप्पानं तोंड उघडलं. स्वामींनी वाटी तुझ्या हातात दिली. तू ती खाली ठेवलीस आन् निघून गेलास. आम्ही हाका मारून राहिलो, तू वळून बघितलं न्हाईस."

मी खिशातून बुकिंगचा कागद काढला. वर छापलेली वेळ दोन-एकतीस, खाली माझं नाव. अण्णानं तो वाचला आणि चुरगाळून फेकला. स्वामी खोटं बोलणारे नव्हेत. तेही म्हणाले, "वाटी मी तुमच्याच हातात दिली. बोटं लई गार होती."

"मग आता तरी देऊ द्या..." मी रडत म्हणालो.

"गेलेल्या माणसाला काय पाजता?" ते म्हणाले.

त्या घरात कोण आलं होतं, मला माहीत नाही. विचार करून डोकं फुटायची वेळ आली. मी येऊन असं वागलो नसतो, असंही छातीठोकपणे म्हणवत नाही, याचीच जास्त लाज वाटते.

धंदा बंद करून मी आता लातूरलाच राहतो. आई अंथरुणाला खिळली आहे, तिचं सगळं मीच करतो. परवा मी तिला भरवत होतो, तेव्हा ती माझ्यादेखत अण्णाला म्हणाली,

"माझी येळ आली की ह्याला आधी बाहेर काढा."