मी न पाठवलेली रात्रीची तार

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. इथले अनुभव वाचून हसणाऱ्यांतलीच मी... पण हे कुणाला तरी सांगायलाच हवं.

मी कतारमध्ये मुऐदरला राहते, इंजिनिअरिंग कंपनीत नोकरी. बाबा नाशिकला एकटे, तार ऑफिसातून रिटायर झालेले. रोजचा फोन जमेना म्हणून मी झोपताना अधूनमधून व्हॉइस मेसेज टाकायला लागले, तेव्हा ते म्हणाले, "ही तर आमची रात्रीची तार! कमी दरातली. रात्री लाइन मोकळी झाली की जायची, सकाळी घरी पोचायची. घाईचं नसलं की लोक तीच करायचे." हसतच म्हणाले, पण मला लागलं. तरी फोन काही सुरू केला नाही.

मागच्या महिन्यात एका दुपारी त्यांचा मेसेज आला. मी मीटिंगमध्ये होते. घरी गेल्यावर ऐकू म्हटलं – आणि तशीच झोपले.

सकाळी नवरा गाडीजवळून "यल्ला, चल लवकर, उशीर होतोय" म्हणत होता, तेवढ्यात बाबांच्या शेजारच्या सुमनमावशींचा फोन.

"बाबांना ॲडमिट केलंय. आता धोका नाही. डॉक्टर म्हणाले, थोडा जरी उशीर झाला असता तर... बरं झालं तू मेसेज केलास!"

"कसला मेसेज?"

"अगं, आज सकाळी मी चहा घेऊन गेले तर त्यांनी माझ्यासमोरच लावला. तुझाच आवाज. 'बाबा, वाट बघू नका, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा.' म्हणून तर रिक्षा बोलावली."

मी तिथेच पायरीवर बसले. बाबांचा मेसेज अजून न ऐकलेलाच होता. तेव्हा लावला.

"छातीत जरा भरल्यासारखं वाटतंय गं. जाऊ का डॉक्टरकडे? तू सांगशील तसं करतो."

मिळेल त्या फ्लाइटनं नाशिक गाठलं. त्यांचा फोन पाहिला. माझा शेवटचा मेसेज आधीच्या आठवड्यातला, लेकीच्या शाळेबद्दलचा. त्यापुढे माझं काही नाही. माझ्या फोनवरही नाही. मावशी मात्र शपथेवर सांगतात – या कानांनी ऐकलाय.

बाबा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "एवढ्या लांब असून लेकीनं वाचवलं मला." मी बाजूला मोसंबी सोलत बसलेले. सगळे गेल्यावर खरं सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनीच माझा हात धरला.

"कामातून वेळ काढलास गं."

"हो बाबा," म्हणाले मी.

तो आवाज कुणाचा, आजही कळलेलं नाही. माझा नव्हता, एवढंच मला माहीत आहे... आणि ते बाबांना माहीत नाही.