काकांचा मेल आणि दारावरचा राखणदार

मागे एका रविवारी रामनगरचे आमचे काका दुपार टळली तरी जेवले नव्हते... आणि कारण होता मी निवडलेला मेल सर्व्हर.

काकांना आता अजिबात ऐकू येत नाही, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. व्हॉट्सॲप त्यांनी स्वतःच सोडलं. "त्यात फुलंच लई येतात," म्हणाले. त्यांना सावकाश, पानभर लिहायला आवडतं... म्हणून मेल.

मी जोयड्याला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो, राहायला कुंभारवाड्याजवळ. घरातल्या माणसांचे मेलचे पत्ते आपल्या गावाच्या नावाचे असावेत, जुने मेल आपल्याच ताब्यात राहावेत, असं बरेच दिवस मनात होतं. शेवटी भाड्यानं एक छोटा सर्व्हर घेतला. मेमरी बेताचीच.

आता त्यावर घालायचं काय? एक सॉफ्टवेअर सगळं एकत्र बांधून मिळणारं... मेल, कॅलेंडर, व्हायरस तपासणी आणि वर एक राखणदार. दुसरा मार्ग पोस्टफिक्स आणि डव्हकॉट या दोन सुट्या सॉफ्टवेअरचा. एक मेलची ने-आण करतो, दुसरा पेटीत नीट लावून ठेवतो, बस्स. पण सगळं आपल्या हातानं जुळवायचं.

कितीतरी दिवस वाचत बसलो. बायको म्हणाली, "पोरीला स्थळ बघताना पण एवढी चौकशी केली न्हाई तुम्ही!"

शेवटी पहिलंच घेतलं, ते त्या राखणदारासाठी. अनोळखी ठिकाणाहून मेल आला की हा दारातूनच सांगतो, थोड्या वेळानं या. खरा असेल तो परत येतो, भुरटा येत नाही. ही युक्ती मला फार आवडली होती.

त्या रविवारी पूजा आटोपून वैनींच्या फोनवर माझा मेलचा नवा पत्ता पाठवला. वैनी म्हणजे काकांची सून. दुपारी त्यांचाच फोन.

"भावजी, मामांचा मेल मिळाला काय? ताट वाढलंय, पण बसायला तयार न्हाईत. 'पोचला' म्हणून येऊ दे म्हणतात."

हे आमच्याकडचं जुनंच. बस कमी, वाट रानातली. घरातलं कोणी बाहेर पडलं की 'पोचलो' असा निरोप येईपर्यंत मोठी माणसं जेवायला बसत नाहीत. काकांनी तो नियम मेललाही लावला होता.

मेल तर आला नव्हता. पण म्हातारा माणूस उपाशी... मी म्हणालो, "पोचला म्हणून सांगा वैनी."

त्यांनी कागदावर लिहून दाखवलं असावं. मागून काकांचा खणखणीत आवाज आला, "व्हय? मग काय लिवलंय ते सांगू दे की त्याला!"

वैनी हसत सुटल्या. बघून सांगतो म्हणून मी फोन ठेवला.

लॅपटॉप उघडून सर्व्हरच्या नोंदी बघितल्या. काकांचा मेल दारात पुन्हा पुन्हा येऊन गेला होता. काकांचा पत्ता ज्या सेवेवर आहे, तसल्या मोठ्या मेल सेवा दर खेपेला वेगळ्या मशीनवरून मेल पाठवतात, आणि राखणदार दर खेपेला त्याला नवखाच समजत होता. हे मी वाचलेलं होतं... ध्यानात घेतलं नव्हतं.

वाईट वाटलं. आमच्यात अनोळखी माणूस दारात आला तरी आधी गूळपाणी, मग नाव-गाव. आणि मी काकांना दारातून परत पाठवत होतो.

राखणदार बंद केला आणि स्क्रीनकडे बघत बसलो. थोड्या वेळानं मेल आत आला. पानभर लिहिणाऱ्या काकांनी एवढंच लिहिलं होतं... "तू जेवलास काय? तुझं पोचलं म्हणून येऊ दे, मग मी बसतो."

मीही जेवलो नव्हतो. "पोचला काका. बसा आता, मी पण बसतो," असं लिहिलं आणि उठलो.

राखणदार नुसता बंद ठेवूनही चाललं असतं. पण त्याच्यावरून मन उतरलं होतं, आणि एवढ्या पसाऱ्याला मेमरीही पुरेना. नंतर सवडीनं पोस्टफिक्स आणि डव्हकॉट बसवलं. नको ते मेल थोडे जास्त येतात... अंगणातला पाचोळा लोटावा तसे रोज लोटून टाकतो.

सकाळी देवापुढे दिवा लावला की पेटी उघडतो. काकांचा मेल असला तर आधी 'पोचला' एवढंच कळवतो, बाकीचं उत्तर सावकाश. या वयातही आपल्यासाठी ताटावर थांबणारं माणूस आहे... देवाकडे आणखी काय मागायचं?